साडूच्या टाकीतला कचरा

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि थोरले दोन नंबरच्या टाकीपाशी वाकून उभे होते. ती टाकी त्यांची नव्हे. त्यांची टाकी एक नंबरची, शेडच्या दुसऱ्या टोकाला. दोन नंबरच्या झाकणातून एक रबरी नळी खाली उतरते आणि पाण्याच्या बादलीत बुडते. आत यीस्ट कामाला लागलं की नळीतून वायू सुटतो, बादलीत बुडबुडे येतात. थोरले कान देऊन ते बुडबुडे ऐकत होते. मग त्यांनी झाकणाच्या फटीला नाक लावलं, हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि कोणी पाहिलं तर नाही ना, याची खात्री करायला मागे वळले.

पाहिलं होतं. कचरा निवडायच्या पट्ट्यावरच्या मावशी हातमोजे चढवत होत्या.

"काय थोरले, शेजारच्या घरात काय शिजतंय?"

"वास आला म्हणून बघितलं."

"कचऱ्याच्या कारखान्यात वास आला? अगंबाई! मॅनेजरबाईंना कळवू का?"

थोरले आपल्या टाकीकडे गेले. त्यांच्याही बादलीत बुडबुडे होते. पण त्यात दम नव्हता, असं त्यांचं मत झालं आणि त्यांची सकाळ बिघडली. गेले काही महिने त्यांच्या बहुतेक सकाळी अशाच बिघडतात.

हा कारखाना शहरातला ओला कचरा घेतो आणि त्यातून पेट्रोलमध्ये मिसळायचं अल्कोहोल काढतो. बाजारातली सडकी केळी, ज्यूसवाल्यांकडच्या साली, बेकऱ्यांचे शिळे पाव, हॉटेलांतलं उरलंसुरलं. गाडी रिकामी झाली की माल पट्ट्यावर येतो. मावशी आणि त्यांच्या बायका त्यातून पिशव्या, रबरबँड, चमचे, कधी एखादी चप्पल वेचून काढतात. उरलेलं दळलं जातं, वाफेवर शिजतं आणि निवलं की टाकीत जातं. तिथे यीस्ट त्यातली साखर खातं आणि अल्कोहोल सोडतं. असा एक घाणा तयार झाला की तो पुढे उंच स्तंभात जातो, तिथे उकळून अल्कोहोल वेगळं होतं, आणि पलीकडे काचेच्या नळीतून पाण्यासारखं स्वच्छ इंधन वाहताना दिसतं. पाहुणे आले की फोटो त्या काचेपाशी काढतात. टाक्यांपाशी कोणी थांबत नाही. थांबवत नाही.

थोरले इथले पहिले कामगार. आधी ते बर्फाच्या कारखान्यात होते. इथे आले तेव्हा एकच टाकी होती, वर पत्रा होता आणि बाजूला भिंत नव्हती. बादलीतले बुडबुडे बघून घाणा कसा चाललाय हे ओळखायला ते इथेच शिकले, आणि नंतर आलेल्यांना त्यांनीच शिकवलं. वय एकावन्न. उंची बेताची, मिशा रंगवलेल्या, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. दारूला ते शिवत नाहीत. शेजारपाजारचे "एखादी बाटली आणा की तुमच्या टाकीतली" म्हणतात, तेव्हा ते गंभीरपणे समजावतात की बाहेर जाण्याआधी त्यात मुद्दाम कडू औषध घालतात, चव घेणाऱ्याची जीभ दिवसभर वळत नाही. विनोद त्यांना कळतो, पण उशिरा.

धाकटे हे त्यांचे साडू. थोरल्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मोबाईलची कव्हरं विकायचं त्यांचं दुकान बुडालं, तेव्हा थोरल्यांनीच शब्द टाकून त्यांना इथे चिकटवलं. दोन नंबरची टाकी नवी आली होती, तिच्यावर माणूस हवा होता. दोघांची खरी नावं पगारपत्रकावर असतील. शेडमध्ये थोरले आणि धाकटे एवढंच चालतं. दोघं राहतातही एकाच इमारतीत. थोरले दुसऱ्या मजल्यावर, धाकटे बरोबर त्यांच्या डोक्यावर.

धाकट्यांबद्दल तक्रार करायला जागा नाही, हीच थोरल्यांची मोठी अडचण आहे. माणूस वेळेवर येतो. शीळ वाजवतो. दुपारचा चहा पट्ट्यावरच्या बायकांबरोबर घेतो आणि कप स्वतः विसळतो. थोरल्यांना "दादा" म्हणतो, आणि ते मनापासून म्हणतो. पण गेल्या वर्षापासून दोन नंबरचा घाणा एक नंबरपेक्षा सरस उतरू लागला. फरक फार नव्हता. एकाचं अल्कोहोल आठ टक्के, तर दुसऱ्याचं नऊ. पण दोन्ही आकडे शेडच्या फळ्यावर शेजारी शेजारी खडूने लिहिले जातात आणि जेवणाचं टेबल त्या फळ्याखालीच आहे.

"आणला कोणी इथे?" थोरले टाक्यांच्या दुरुस्तीवरच्या फिटरला विचारायचे.

"तुम्ही."

"शिकवला कोणी?"

"तुम्हीच. म्हणून तर म्हणतो, गुरुदक्षिणा मागून घ्या. त्याचं विरजण न्या थोडं."

विरजण म्हणजे यीस्टच. चांगल्या घाण्यातलं थोडं काढून स्टीलच्या कॅनमध्ये, थंड कपाटात ठेवतात आणि पुढच्या घाण्याला लावतात. ज्याचं त्याचं विरजण ज्याच्या त्याच्या कॅनमध्ये. कोणाचं मंदावलं तर दुसऱ्याकडून मागून न्यायची पद्धत आहे. देणारा नाही म्हणत नाही, पण फळ्यावर टाकीच्या नंबराखाली देणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. एक नंबरच्या टाकीखाली "धाकटे" असं लिहिलेलं थोरल्यांनी एकदा नुसतं मनात वाचून पाहिलं आणि त्यांचं जेवण गेलं नाही.

"माझ्या विरजणाला काही धाड भरलेली नाही," ते म्हणाले. "त्याला कचरा चांगला मिळतो."

फिटर हसू लागला. हसताना त्याच्या हातातला पाना खाली पडला. "कचरा चांगला?"

"पाव बघा किती जातात दोन नंबरला. पिकलेली केळी सगळी तिकडे. आपल्याकडे काय, कोबीची पानं."

माणसं दुसऱ्याच्या बंगल्यावर जळतात, पगारावर जळतात. थोरले साडूच्या शिळ्या पावांवर जळू लागले. दुपारी जेवण झालं की ते गेटपाशी जाऊन उभे राहायचे आणि कोणती गाडी कुठल्या टाकीच्या वाट्याला जाते ते बघायचे. बेकरीची गाडी डावीकडे वळली की त्यांच्या कानशिलाची शीर उडायची.

अशात मॅनेजरबाईंनी सर्वांना फळ्याखाली बोलावून सांगितलं की तिसरी टाकी येतेय. दोन्ही जुन्या टाक्या मिळून होतील एवढी. तिला काचेची केबिन आणि एक टाकीप्रमुख. तिन्ही टाक्यांचं काम तोच बघेल, ड्यूट्या तोच लावेल. "बाहेरचा माणूस आणायचा नाही, असं ठरलंय," बाई म्हणाल्या. "या महिन्याचे घाणे बघू आणि तुमच्या दोघांपैकी एकाला देऊ."

धाकटे म्हणाले, "दादांनाच द्या ना बाई. मला काय कळतंय त्यातलं?"

सगळे हसले. थोरल्यांना ते हसणं लागलं आणि ते वाक्य त्याहून जास्त लागलं. टाकी मिळाली नाही तर सुट्टी मागायला साडूच्या केबिनचं दार ठोठावावं लागेल, हे त्यांना त्याच क्षणी दिसलं. ज्याला आपण हाताला धरून आणलं, त्याने काचेमागून मान हलवून "ठीक आहे दादा, घ्या" म्हणायचं. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याची मजा आहे."

"झालं सुरू. आता काय केलं त्यांनी?"

"काही नाही केलं. काही न करता सगळं मिळतं, हेच तर म्हणतोय."

"अहो, लग्नात त्यांना घड्याळ मोठं दिलं म्हणून तुम्ही वर्षभर रुसला होता. आता कचरा मोठा मिळाला म्हणून रुसा." तिने देठ बाजूला टाकले. "हे पण घेऊन जा टाकीला. तेवढंच तुमचं वजन वाढेल."

वरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग हसण्याचा. थोरल्यांनी छताकडे असं पाहिलं, की बायकोने पंखा लावला.

दुसऱ्या दिवशी ते पट्ट्यावर गेले. कुठली गाडी कुठल्या टाकीला, हे मावशी ठरवतात. मॅनेजरबाईही त्यात पडत नाहीत. थोरल्यांनी मावशींसाठी चहा आणला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मावशींनी कपाकडे पाहिलं, थोरल्यांकडे पाहिलं. "काय हवंय?"

"महिनाभर बेकरीची गाडी एक नंबरला वळवा. केळी पण."

"आणि दोन नंबरला?"

"पालेभाज्या. ज्यूसवाल्यांची गाडी."

"संत्र्याच्या साली? अहो, सालीतलं तेल यीस्टला बाधतं. तुमच्या साडूची टाकी झोपेल."

"तो हुशार आहे ना? मग बघू दे."

मावशींनी चहा संपवला. "मला काय, दोन्हीकडे घाणच टाकायची आहे. पण त्यांना सांगून करीन. लपवाछपवी माझ्या पट्ट्यावर नको."

त्यांनी जागेवरूनच हाक मारून सांगितलं. धाकटे झाकणाचे बोल्ट आवळत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "दादांना हवेत पाव? द्या की. मला आधी सांगायचं ना दादा!" आणि पुन्हा शीळ वाजवू लागले. थोरल्यांनी भांडणाची पुरी तयारी केली होती. ती तशीच अंगावर राहिली.

महिन्याच्या सुरुवातीला थोरल्यांचा पहिला घाणा फळ्यावर चढला आणि तो वर्षभरात पहिल्यांदाच दोन नंबरच्या बरोबरीने उतरला. धाकट्यांचा आकडा खाली आला होता. साली हाताने निवडून काढायला पट्ट्यावरच्या बायका ड्यूटी संपल्यावरही थांबल्या म्हणून तो आणखी घसरला नाही. धाकट्यांसाठी बायका थांबतात, ही गोष्टही थोरल्यांनी मनात नोंदवली. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी फळ्याकडे तोंड करून बसायची जागा निवडली.

पुढच्या घाण्याला त्यांना नुसतं बरोबरीवर थांबायचं नव्हतं. बेकरीची एक जादा गाडी आली होती. तिच्यातले अर्धे पाव दोन नंबरला देऊ, असं मावशी म्हणाल्या. थोरल्यांनी एकही पाव तिकडे जाऊ दिला नाही. सगळी गाडी आपल्याच टाकीसाठी शिजवून घेतली. पाव पाणी पितो, फुगतो, हे त्यांना माहीत होतं. पाणी वाढवलं तर टाकीत पाव कमी मावतील, म्हणून त्यांनी पाणी वाढवलं नाही.

दुपारी टाकीतून कण्हल्यासारखा आवाज आला आणि ढवळणी थांबली. मोटर गुरगुरत राहिली. धाकट्यांनी धावत जाऊन बटण बंद केलं. आत कणकेच्या गोळ्यासारखा लगदा बसला होता आणि ढवळणीचं पातं वाकलं होतं.

"बंद कशाला केलं?" थोरले ओरडले. "माझी टाकी आहे!"

"मोटर जळाली असती दादा."

"जळू दे!"

शेडमधल्या बायकांनी हात थांबवले. धाकटे बटणापासून दूर झाले. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं, आणि त्यांना तसं पाहून थोरल्यांना क्षणभर बरं वाटलं.

टाकी रिकामी करायला दुसरा दिवस उजाडला. फिटर दिवा घेऊन आत उतरला. पातं सोडवता सोडवता त्याचा आवाज घुमत वर आला, "थोरले, तुमची टाकी ताप घेऊन बसलीय हो किती दिवसांची!"

टाकीच्या आत गार पाण्याच्या नळ्यांचं वेटोळं असतं. यीस्ट काम करताना गरम होतं. ते फार तापू नये म्हणून. एक नंबरच्या वेटोळ्यावर पांढरा क्षार बसला होता, वर्षानुवर्षं पाणी उकळलेल्या किटलीच्या बुडाशी बसतो तसा, बोटभर जाड. गारवा बाहेर येतच नव्हता. बाहेरचा तापमापक गार पाणी जिथून आत शिरतं त्याच्या शेजारी बसवलेला. तो बिचारा सगळं ठीक असल्याचं दाखवत होता. आतलं यीस्ट भाजत होतं. दोन नंबरची टाकी नंतर आलेली, तिच्या नळ्या अजून स्वच्छ होत्या. एवढाच दोघांतला फरक.

थोरल्यांनी फिटरने वर आणून दिलेला क्षाराचा तुकडा हातात घेतला. तो त्यांनी आधी मावशींना दाखवला, मग पट्ट्यावरच्या प्रत्येकीला, मग धाकट्यांना. "टाकीचा दोष! माझं विरजण नाही, माझा हात नाही. टाकीचा दोष!" त्यांच्या रंगवलेल्या मिशा थरथरत होत्या. मॅनेजरबाई आल्या, तेव्हा तो तुकडा त्यांच्याही हातावर ठेवला गेला.

बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे वर्षभर तुम्ही तापलेली टाकी चालवत होतात आणि तरी आकडा एवढाच मागे होता. मग आकड्यांवरून काही ठरवता यायचं नाही. नवीन टाकी ज्येष्ठतेनेच द्यावी लागेल, असं दिसतंय."

थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. धाकटे हसत होते, आणि त्यात खोट दिसत नव्हती.

"एक सांगा," बाई म्हणाल्या. "दुपारी टाकीच्या मधल्या नळातून मगभर नमुना काढायचा आणि त्यात हातातला तापमापक घालायचा, असा नियम आहे ना? त्यात ताप कसा कळला नाही?"

जेवणानंतर लगेच करायचं ते काम. थोरले त्या वेळी गेटपाशी उभे असायचे, बेकरीची गाडी कुठे वळते ते बघत. हे मावशींना माहीत होतं. फिटरला माहीत होतं. मावशी हातमोजे झटकू लागल्या.

धाकटे बोलले. "बाई, एक नंबरचा तो नळ अडतो कधी कधी. मी बघितलंय. दादा प्रयत्न करतात, पण येतच नाही त्यातून."

शुद्ध थाप. नळ अडत नव्हता. बाईंनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं. थोरल्यांनी तोंड मिटून ठेवलं असतं, तर काचेची केबिन त्यांची होती. पण ती साडूने दिलेली असती. तिथे बसून रोज खाली पाहायचं आणि रोज दिसायचं की ही खुर्ची धाकट्यांच्या एका वाक्यावर उभी आहे. आणि धाकटे ते वाक्य कधी काढून दाखवणार नाहीत, विसरूनही जातील.

"नळ अडत नाही," थोरले म्हणाले. "मीच नमुना घेत नव्हतो."

"किती दिवस?"

"बरेच."

"का?"

थोरल्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. "यांच्या गाड्या बघत होतो."

बाईंना कळायला वेळ लागला. मावशींनी त्यांना कोपऱ्यात नेऊन दोन वाक्यांत सांगितलं. बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तो तुकडा नव्हता. "खरं बोललात, हे चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "पण तीन टाक्या मी अशा माणसाला कशा देऊ?"

नवीन टाकी धाकट्यांना मिळाली. थोरल्यांचा खरेपणा हा त्या संध्याकाळी शेडमधला कौतुकाचा विषय होता. त्यात खरेपणाचा वाटा किती, हे त्यांना स्वतःला चांगलं माहीत होतं, म्हणून ते पाठीवर थाप पडायच्या आत निघाले.

गेटपाशी धाकट्यांनी त्यांना गाठलं. "दादा, कशाला बोललात? मी सांभाळलं होतं ना."

"म्हणूनच बोललो, साडूभाऊ."

"म्हणजे?"

"काही नाही. चला."

"टाकी धुऊन झाली की माझं विरजण न्या. तुमचं त्या तापात गेलं असणार."

"बघू."

मागून येणारा फिटर म्हणाला, "बघू म्हणजे नेणार."

घरी बायकोला सगळं आधीच कळलं होतं. बहीण खाली येऊन गेली होती, रडूनही गेली होती; कोणासाठी, ते बायकोलाही नीट सांगता आलं नाही.

"म्हणजे मिळत होती टाकी?" तिने विचारलं.

"त्याच्या मेहेरबानीने."

"मग घ्यायची! घरातलीच तर मेहेरबानी. तुम्ही त्यांना कामाला लावलंत, तेव्हा त्यांनी घेतली ना तुमची?"

थोरले खिडकीपाशी जाऊन बसले. मग म्हणाले, "नवीन टाकीच्या नळ्या कोऱ्या असणार. ती काय, कोणीही चालवेल."

बायकोने कपाळाला हात लावला आणि जेवायला वाढलं.

एक नंबरच्या नळ्यांचा क्षार ऍसिडने उतरवायचं काम फिटरने हाती घेतलं आहे. ते होईपर्यंत टाकी बंद. त्या दरम्यान थोरल्यांना पट्ट्यावर बसवावं, ही सूचना मावशींची. नव्या टाकीप्रमुखांनी ती मान्य केली, पण त्याआधी मावशींना दोनदा विचारलं, दादांना वाईट तर वाटणार नाही ना. उद्या सकाळी साडेसहाला पट्टा सुरू होईल. थोरल्यांना सव्वासहाला हातमोजे घालून हजर राहायचं आहे, आणि पहिली गाडी बेकरीची आहे.